न बघता दिलेला ‘हो’



या महिन्याचा चिंतनाचा प्रश्न ग्रुपवर आला तो असा: *जे आपल्याकडून नकळत घडलं, त्याचा दोष आपल्याला लागतो का?*

बेळगाव, बडोदा, फोंडा अशा सगळ्या केंद्रांतून उत्तरं आली. बहुतेकांचा सूर एकच आहे, की हेतू शुद्ध असेल तर दोष लागत नाही. आम्हीही आजवर हेच म्हणत आलो. गुरुवारच्या बैठकीत दुसऱ्यांना समजावूनही सांगितलं. पण २०२३ च्या सप्टेंबरात अमेरिकेत लेकीकडे असताना एक गोष्ट घडली आणि हे उत्तर आम्हाला पुरेनासं झालं. ती गोष्ट जशी घडली तशी सांगतो. ग्रंथांचे आधार आमच्यापाशी नाहीत, अनुभव आहे.

लेक आणि जावई कॅलिफोर्नियात सॅन होझेजवळ असतात. त्यांनी जुनं मोटरहोम घेतलंय, म्हणजे चाकांवरचं घर. एकोणतीस फूट लांब, साधारण आठ टन वजनाचं. आत ओटा, बिछाने, संडास-बाथरूम सगळं. आमच्यासाठी ग्रँड कॅन्यनचा बेत ठरला. आता एवढं मोठं घर एकदा मुक्कामाला लावलं की दूध आणायलाही ते हलवायचं का? म्हणून तिकडचे लोक घराच्या मागे छोटी गाडी जोडून ओढत नेतात. जावयांनी त्यासाठी जुनी रँगलर जीप घेतली होती. मागे गाडी जोडून जाण्याची त्यांचीही ही पहिलीच वेळ.

आपल्याकडे बंद पडलेली गाडी दोरीने किंवा दांड्याने ओढतात, त्याला आपण ‘टोचन’ म्हणतो. हे थोडंफार तसंच, पण फार शिस्तीचं. घराच्या पाठीला एक मजबूत खाच असते, जीपच्या पुढच्या सांगाड्यावर लोखंडी पट्टी बसवलेली असते. दोन्हींच्या मध्ये इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा दांडा येतो. त्याला खिळे घालायचे, खिळ्यांना क्लिपा लावायच्या. दांडा तुटलाच तर गाडी सुटू नये म्हणून दोन जाड तारा. दिव्यांसाठी वायर, म्हणजे पुढे ब्रेक दाबला की जीपचेही मागचे लाल दिवे लागतात. जीपचा ब्रेक आपोआप दाबला जावा म्हणून एक वेगळं यंत्र. मग जीपचा गिअर चाकांपासून मोकळा करायचा, स्टिअरिंगचं कुलूप उघडं ठेवायचं, आणि शेवटी हँडब्रेक काढायचा. जीपची चारही चाकं रस्त्यावरच असतात, ती नुसती मागून फिरत येतात.

जावयांनी एक गोष्ट समजावली ती फार लक्षात राहिली. प्रत्येक गाडी अशी ओढता येत नाही. पुष्कळ ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सला तेल पोचवणारा पंप इंजिन चालू असेल तरच चालतो. इंजिन बंद ठेवून ओढली तर चाकं फिरतात, आतले भागही फिरतात, पण तेल पोचत नाही. बाहेरून बघावं तर गाडी छान चाललेली दिसते, आत कोरडं घासत असतं. काही मैलांनी सगळं जळून जातं. म्हणून आधी त्या गाडीचं पुस्तक वाचायचं, की हिला असं नेता येतं की नाही.

दुसरी गोष्ट, मागे जीप असताना रिव्हर्स घेता येत नाही. दोन-चार फूट गेलं की जीपची पुढची चाकं आडवी वळतात आणि दांडा वाकतो. पहिल्याच दिवशी एका पेट्रोल पंपावर आम्ही अशा कोपऱ्यात शिरलो की पुढे वाट नाही. काय करणार? सगळे उतरलो, खिळे काढले, जीप वेगळी केली, घर मागे घेतलं, परत सगळं जोडलं. वीस-पंचवीस मिनिटं गेली. मागच्या गाड्या मुकाट थांबल्या होत्या. बेळगावकडच्या मंडळींना हे लगेच कळेल. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर बोळात अडकला की काय होतं, ते त्यांनी पाहिलेलंच असतं.

मुक्काम बार्स्टो नावाच्या वाळवंटातल्या गावी केला. रात्री जीप सोडून किराणा आणला. दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून अंधार होता, तेव्हा परत जोडणी सुरू झाली. जागा जरा उताराची होती म्हणून जोडताना जीप सरकू नये यासाठी हँडब्रेक ओढलेला होता. कामं वाटून दिली होती. जावई दांडा, तारा आणि वायर बघणार, लेक आतलं सामान बांधणार, आम्ही दोघं जीपच्या आतलं बघणार. जावयांनी पुढून विचारलं, “बाबा, हँडब्रेक काढला ना?”

आणि आमच्याकडून उत्तर गेलं, “हो, हो, काढला.”

एकाने काढायला हात घातला होता, तेवढ्यात दुसऱ्याने चहाचा थर्मास कुठे आहे म्हणून विचारलं. हँडब्रेक अर्धाच खाली गेला. एकाला वाटलं काढला, दुसऱ्याला वाटलं त्याने काढला. विचारल्यावर दोघांपैकी कुणीही वळून बघितलं नाही. बघायला दोन सेकंदं लागली असती.

निघालो. आता गंमत बघा. आठ टनांच्या घराला दोन टनांची जीप ओढताना काही कळतच नाही. इंजिनाने कुरकुर केली नाही, स्टिअरिंग जड झालं नाही. मागे कॅमेरा आहे, पण त्यात जीपचं नाक आणि पुढची चाकं दिसतात. पुढची चाकं मस्त फिरत होती. कॅलिफोर्नियात मागे वाहन ओढणाऱ्याला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, म्हणजे जवळजवळ ९० किलोमीटर. जावई त्याच्याही आतच चालवत होते. आत आम्ही चहा घेत होतो आणि सकाळची उपासना लावली होती.

अकरा मैल गेल्यावर मागून एक ट्रक आला आणि त्याने भोंगा वाजवायला सुरुवात केली. आम्हाला वाटलं, काय उद्धट माणूस आहे, जागा असून पुढे जात नाही! मग तो शेजारी आला आणि खिडकीतून हात बाहेर काढून मागे बोट दाखवायला लागला. जावयांनी गाडी कडेला घेतली. खाली उतरलो तर जीपच्या मागच्या चाकांतून धूर येत होता आणि जळका वास सुटला होता. मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक जळले होते, एक टायर कामातून गेला होता. जीप सपाट ट्रकवर चढवून परत बार्स्टोला आणली. दीड दिवस मोडला आणि जवळजवळ ९०० डॉलर गेले.

आता खरी गोष्ट इथून पुढे आहे.

धूर बघताच जावयांनी जीपचं दार उघडलं, हँडब्रेक पाहिला, आणि म्हणाले, “छे! शेवटची तपासणी मी करायला हवी होती. माझीच चूक.” आम्ही तिथेच उभे होतो. आम्हा दोघांची नजरानजर झाली आणि आम्ही गप्प बसलो. एकाने मनात म्हटलं, आत्ता बोललो तर यांचा चेहरा पडेल. दुसऱ्याने मनात म्हटलं, जावयासमोर यांचा अपमान नको. दोघांनीही एकमेकांसाठी आणि घराच्या शांततेसाठी तोंड बंद ठेवलं. अशी छान छान कारणं सापडायला वेळ लागत नाही. गॅरेजमध्ये पैसे द्यायला पाकीट मात्र आम्ही पुढे केलं. जावयांनी घेतले नाहीत. पैसे देऊन सुटता आलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं हे कबूल करतो.

पुढे नीडल्स, किंगमन, विल्यम्स करत चौथ्या दिवशी दुपारी कॅन्यनला पोचलो. दक्षिण काठावर ट्रेलर व्हिलेज म्हणून मुक्कामाची जागा आहे. तिथल्या जागा एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल अशा आहेत. रिव्हर्सचं नावच नको. संध्याकाळी काठावर गेलो. जवळजवळ सात हजार फूट उंचीवर आपण उभे, आणि खाली मैलभर खोल दरी. समोरच्या शिखरांना विष्णू टेंपल, शिव टेंपल अशी नावं आहेत. क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकात ती दिली. तळाच्या काळसर खडकालाही विष्णूचंच नाव आहे आणि त्याचं वय सुमारे १७० कोटी वर्षं आहे. आमचे हात आपोआप जोडले गेले. पण हात जोडताना दोघांनाही एकच वाटत होतं, की इथे देवाचं नाव घेतोय आणि पाठीमागे बाकावर जावई एकटे बसलेत.

त्या चार दिवसांत ते फार कमी बोलले होते. आम्ही समजत होतो, गाडी चालवून दमले असतील.

रात्री जेवण झाल्यावर सांगून टाकलं. “हँडब्रेक आमच्याकडून राहिला. तुम्ही विचारलंत तेव्हा आम्ही न बघता हो म्हणालो. आणि हे आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं.”

जावई थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाबा, ब्रेक राहिला त्याचं काही नाही. पण तीन रात्री मी झोपलो नाही. जोडणीची यादी डोक्यात परत परत चालवत होतो, कुठे चुकलो ते सापडत नव्हतं. तुम्ही चौघं माझ्या भरवशावर. मी ठरवलं होतं, परत गेल्यावर जीप विकायची आणि हा नाद सोडायचा.”

लेक मात्र रागावली. आईकडे बघून म्हणाली, “आई, तू सुद्धा?” एवढंच. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आता प्रश्नाकडे येतो.

ब्रेक राहिला तो नकळत राहिला. हेतूत काहीही खोट नव्हती. मग दोष लागतो का? आम्हा दोघांत यावर पुष्कळ चर्चा झाली, वादही झाला. एकाचं म्हणणं, जे जाणवलंच नाही त्याचं उत्तर माणूस कसं देणार? अकरा मैलांत एक धक्का, एक आवाज जरी आला असता तरी थांबलो असतो. दुसऱ्याचं म्हणणं, जाणवलं नाही कारण आपण मोठ्या गाडीत बसलो होतो. छोट्या गाडीने ओढत असतो तर पहिल्याच वळणावर कळलं असतं.

या दुसऱ्या म्हणण्यापाशी आम्ही थांबलो. ओढणारा जितका बलवान, तितकं त्याला मागचं कमी कळतं. मग ‘मला जाणवलं नाही’ हे उत्तर बलवानाच्या तोंडी नेहमीच खरं असणार! घरातला कर्ता, ऑफिसातला साहेब, सासूबाई, केंद्रातले आपल्यासारखे जुने साधक, सगळ्यांनाच ते म्हणता येईल, आणि कुणी खोटंही बोलत नसेल. म्हणून जाणवण्यावर जबाबदारी ठरवता येत नाही. ज्याला जाणवत नाही त्याने उतरून बघायचं, हाताने चाकं चाचपायची. अनुभवी लोक थोडं अंतर गेलं की मुद्दाम थांबतात आणि मागे जाऊन चाकं गरम आहेत का बघतात. काही बिघडलंय असं वाटतं म्हणून ते थांबत नाहीत. वाटणारच नाही हे त्यांना माहीत असतं.

यावर कुणी म्हणेल, असं प्रत्येक गोष्टीचं उत्तर देत बसलं तर माणसाने जगायचं कसं? पायाखाली मुंगी येते, आपल्या बोलण्याने कुणी दूर कुठे दुखावतं. शंका रास्त आहे. आम्हाला वाटतं, याला मर्यादा आहे. जे आपण स्वतः आपल्यामागे जोडलं, त्याचं बघणं आपल्याकडे येतं. रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांचं नाही, पण आपल्या दांड्याला बांधलेलीचं येतं. आणि ज्याबद्दल कुणी आपल्याला थेट विचारलं, तिथे तर ‘नकळत’ हा शब्दच लागू होत नाही. जावयांनी विचारलं त्या क्षणी बघायची संधी आमच्या हातात आली होती. तिथून पुढचं न कळणं आमचं आम्ही निवडलेलं होतं.

आणि गप्प बसणं? ते तर कळून केलेलं. शुद्ध हेतूचं कवच तिथे चालतच नाही, जरी आम्ही तेच अंगावर घेतलं होतं. हँडब्रेकने एक टायर गेला. आमच्या गप्प बसण्याने एका चांगल्या माणसाच्या तीन रात्री गेल्या, आणि तेव्हाही आम्हाला मागचं काही जाणवलं नाही. खरं बोलायलाही रिव्हर्स गिअर नसतो, हे तेव्हा कळलं. बसल्या जागेवरून मागे जाता येत नाही. थांबावं लागतं, खाली उतरावं लागतं, आणि मागचे ताटकळत असताना सगळं सोडून परत जोडावं लागतं.

इथे लेख संपवता आला असता. पण एक राहिलंय, आणि खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो.

आमच्या आई आता ८७ वर्षांच्या आहेत. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं जुनं घर होतं. नऊ वर्षांपूर्वी ते सोडून बायपासकडच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. जिने नकोत, लिफ्ट आहे, हवा चांगली, आईंच्या गुडघ्यांना बरं. हेतू शुद्धच होता. आईंना विचारलंही होतं, “चालेल ना?” त्या म्हणाल्या, “हो, तुमचं बरं ते माझं बरं.” आम्ही तो ‘हो’ घेतला आणि सामान बांधायला लागलो. जीपच्या वेळी आम्ही न बघता हो दिला, आईंच्या वेळी न बघता घेतला. नऊ वर्षं त्या जेवतात, जप करतात, टीव्हीवर प्रवचन ऐकतात. कधी तक्रार नाही. आम्ही सगळ्यांना सांगतो, आईंचं छान रुळलं.

तेल न पोचणाऱ्या गिअरबॉक्सची गोष्ट आठवली आणि परतीच्या विमानात दोघांनाही झोप आली नाही.

इंदूरला आल्यावर एका दुपारी आईंजवळ बसून परत विचारलं. या वेळी टीव्ही बंद केला, फोन बाजूला ठेवले आणि उत्तराची घाई केली नाही. आई आधी म्हणाल्या, “सगळं छान आहे रे.” आम्ही बसून राहिलो. मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “तिथे ओट्यावर बसलं की येणारा-जाणारा दिसायचा. भाजीवाली हाक मारायची. इथे खिडकीतून आभाळ दिसतं फक्त. किती आभाळ बघणार?”

नऊ वर्षांत हे वाक्य एकदाही बाहेर आलं नव्हतं, कारण आम्ही ते यायला जागाच ठेवली नव्हती.

जुनं घर आता नाही, ते परत येणार नाही. आईंनाही तिथे जायचं नाहीये, जिना चढवत नाही म्हणाल्या. मग काय केलं? रोज संध्याकाळी त्यांना लिफ्टने खाली नेतो आणि गेटाजवळच्या बाकावर तासभर बसवतो. वॉचमनची बायको, दूधवाला, शाळेतून येणारी पोरं आता त्यांना ‘आजी’ म्हणून हाक मारतात. दर रविवारी राजवाड्याकडे एक चक्कर. पोहे-जिलबी त्यांना फारशी चालत नाही, पण पुडी हातात धरायला आवडते. याने नऊ वर्षांची भरपाई होते असं आम्ही म्हणत नाही. होत नाही.

म्हणून या महिन्याच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं, की दोष किती लागला याचा हिशोब आम्हाला करता येत नाही, तो सद्गुरूंच्या पायांशी ठेवला आहे. पण जबाबदारी आमची होती, न कळताही होती, आणि कळल्यावर तर जास्तच. यापेक्षा वेगळं कुणाला वाटत असेल तर अवश्य लिहावं, आम्हाला वाचायचं आहे.

जावयांनी जीप विकली नाही. त्यांच्या जोडणीच्या यादीत एक ओळ वाढली आहे: *हात लावल्याशिवाय ‘हो’ म्हणायचं नाही.* विचारणारा विचारतो, दुसरा त्या वस्तूला हात लावतो आणि मग बोलतो. ही यादी त्यांनी आम्हाला फोनवर पाठवली. आम्ही ती स्वयंपाकघरात फ्रिजवर लावली आहे. आमच्याकडे जीप नाही, पण लागते.

या आठवड्यात एवढंच करून बघूया. आपल्यामागे जी माणसं आपणच जोडली आहेत, त्यांच्यापैकी एकाजवळ जाऊन बसायचं, विचारायचं, आणि पहिल्या ‘हो’ वर उठायचं नाही.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥ 🙏